वाट ओळखा, मग टायर घ्या

मुलगा आठवीत जातो, मुलीची शाळा लांब पडू लागते, ईदीचे पैसे साठलेले असतात आणि घरात सायकलीचा विषय निघतो. दुकानात गेल्यावर समोर रांगेने उभ्या असतात त्या जाड, खडबडीत टायरच्या माउंटन बाइक. दुकानदार त्यांना ‘एमटीबी’ म्हणतो. मुलांना तीच हवी असते. मग रंग पाहिला जातो, गिअर मोजले जातात, डिस्क ब्रेक आहे का विचारले जाते, अब्बा किमतीवरून घासाघीस करतात. टायरकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. सायकलीबरोबर जो आला तो आला.

खरे तर अख्खी सायकल जमिनीला फक्त दोन ठिकाणी टेकते. ती जागा केवढी, याचा हिशेब आठवीच्या विज्ञानातलाच आहे. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. समजा मूल आणि सायकल मिळून ६० किलो, म्हणजे सुमारे १३२ पाउंड वजन आहे आणि टायरमध्ये दर चौरस इंचाला ४० पाउंड हवा आहे. १३२ ला ४० ने भागले की उत्तर येते साधारण सव्वातीन चौरस इंच. दोन्ही चाकांचे मिळून एका काडेपेटीपेक्षा किंचित मोठे एवढेच रबर रस्त्याला लागलेले असते. तेवढ्या आधारावर आपले मूल वळण घेते, ब्रेक दाबते आणि पावसात उतार उतरते.

म्हणून टायर सायकलीच्या दिसण्यावरून ठरवू नये. ती रोज ज्या वाटेवर चालते, त्या वाटेवरून ठरवावा. यासाठी महागडी सायकल लागत नाही, थोडी माहिती लागते.

हा जाड टायर आला कुठून?

हवेचा टायर रोजच्या वापरात आला तो एका बापामुळे. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्ट शहरात राहणारे जनावरांचे डॉक्टर. त्या काळी चाकांना भरीव रबर असे आणि दगडी रस्त्यावर फार हादरे बसत. १८८७ मध्ये त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

डोंगरी सायकलीची गोष्ट त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी सुरू होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन काउंटीत माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली तरुण मंडळी त्याच्या कच्च्या वाटांवरून सायकली खाली सोडू लागली. रस्त्यावरच्या बारीक टायरच्या सायकली तिथे टिकेनात. मग त्यांनी भंगारातून १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जड सायकली शोधून काढल्या, कारण त्यांचे टायर दोन इंचांपेक्षा थोडे जास्त रुंद होते. १९७६ मध्ये तिथे ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. डोंगर उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि दर वेळी नवे भरावे लागे, म्हणून हे नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही त्या काळची नावे. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने याच खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले आहे.

त्या तरुणांनी आधी वाट पाहिली आणि मग तिला पेलेल असा टायर शोधला. आपण नेमके उलटे करतो. डोंगरासाठी घडलेला टायर घेतो आणि तो रोज चार किलोमीटर डांबरावर घासतो.

टायरच्या अंगावर लिहिलेले वाचा

टायरच्या बाजूला आकडे उठवलेले असतात. उदाहरणार्थ, २६ × २.००. पहिला आकडा चाकाचा ढोबळ आकार इंचांत सांगतो आणि दुसरा टायरची रुंदी. जवळच आणखी एक जोडी असते, ५०-५५९. ही मिलिमीटरमधली आंतरराष्ट्रीय मापे आहेत. ५० ही रुंदी आणि ५५९ हा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. खरेदी करताना या दुसऱ्या जोडीवरच विश्वास ठेवावा.

कारण इंचांचे माप फसवते. ‘सव्वीसचा टायर द्या’ एवढेच सांगितले तर घोटाळा होऊ शकतो. माउंटन बाइकच्या २६ इंची चाकाचा व्यास ५५९ असतो, तर २६ × १ ३/८ असे लिहिलेल्या टायरचा ५९०. दोन्ही ‘सव्वीस’, पण एक दुसऱ्यावर बसत नाही. मुलांच्या २४ इंची एमटीबीचे माप ५०७, साडेसत्तावीस इंचीचे ५८४ आणि एकोणतीस इंचीचे ६२२. जुन्या टायरवरचा आकडा कागदावर उतरवून दुकानात न्यावा, म्हणजे परत फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

याशिवाय दोन गोष्टी पाहाव्यात. एक, हवेची मर्यादा. ती पीएसआयमध्ये, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘पाउंडात’ लिहिलेली असते. दोन, बाण. बऱ्याच टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. चाक पुढे फिरताना बाणही पुढच्या दिशेने फिरला पाहिजे. उलटा बसवलेला टायर चालतो खरा, पण त्याची नक्षी ज्या कामासाठी घडवली आहे ते काम ती नीट करत नाही.

नक्षी काय काम करते?

एमटीबी टायरवर रबराचे ठोकळे असतात. ते शोभेसाठी नसतात. मऊ जमिनीत हे ठोकळे रुततात आणि दातांसारखी पकड घेतात. मधल्या रांगेतले ठोकळे सरळ चालताना आणि ब्रेक मारताना कामी येतात, तर कडेचे ठोकळे सायकल वळणावर कलली की जमिनीला लागतात. ठोकळे बुटके आणि जवळजवळ असतील तर टायर हलका पळतो. उंच आणि विरळ असतील तर पकड वाढते, पण पायाला मेहनत जास्त पडते.

सायकल चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे यातून चार ठळक प्रकार झाले. पहिला, लांब पल्ल्याच्या क्रॉस-कंट्री शर्यतीसाठी. यात चढण भरपूर असते, म्हणून टायर हलका, ठोकळे बुटके आणि रुंदी सव्वादोन इंचांच्या आसपास. दुसरा, ट्रेल म्हणजे चढ-उतार, दगड, माती असे सगळे मिसळलेल्या वाटेसाठी. रुंदी २.३ ते २.५ इंच, ठोकळे मध्यम आणि कडेचे ठोकळे मजबूत. तिसरा, तीव्र उतारावर वेगाने उतरण्यासाठी. याची रुंदीही अडीच इंचांच्या आसपासच असते, पण ठोकळे मोठे, रबर मऊ आणि बाजू दुहेरी जाड असतात. तो जड असतो आणि चढावर दमवतो. चौथा, खास चिखलासाठी. हा उलट अरुंद असतो. त्याचे ठोकळे उंच आणि दूरदूर असतात, म्हणजे चिखल कापून तो खालची घट्ट जमीन गाठतो आणि चाक फिरताना चिखल झटकून टाकतो.

आपल्याकडच्या वाटा

आता हे आपल्या गावांना लावून पाहू.

डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता ही आपल्या बहुतेक मुलांची रोजची वाट. इथे मोठ्या ठोकळ्यांचा टायर तोट्याचा. डांबरात ठोकळे रुतत नाहीत, फक्त त्यांचे माथे रस्त्याला टेकतात, मधली जागा रिकामी राहते. रबर कमी लागते, म्हणून ओल्या डांबरावर पकडही कमी मिळते. वळणावर उंच ठोकळे वाकतात आणि सायकल डगमगल्यासारखी वाटते. गुंई असा आवाज येत राहतो, दम लागतो आणि मधली रांग लवकर झिजते. पुष्कळांना वाटते की गुळगुळीत नक्षीचा टायर पावसात घसरतो. मोटारीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगू शकतो. सायकलीचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, वेगही कमी असतो, म्हणून तो पाणी सहज बाजूला सारतो. सायकलीला पावसात दगा देतात ते रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे आणि सांडलेले तेल. तिथे कोणतीही नक्षी फारशी उपयोगी नाही. वेग कमी करणे आणि सायकल न कलवता सरळ जाणे हाच उपाय.

शाळेचा रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा मुरमाचा असेल, तर ‘सेमी-स्लिक’ टायर मागावा. त्याच्या मध्यभागी जवळजवळ सलग पट्टा असतो आणि दोन्ही कडांना ठोकळे. सरळ जाताना तो डांबरावर हलका पळतो, कच्च्यावर वळताना कडेचे ठोकळे धरून ठेवतात. १.७५ ते २ इंच रुंदीचा असा टायर आपल्या बहुतेक घरांना पुरेसा आहे.

मुरूम आणि सुटी खडी ही पठारावरच्या गावांची वाट. सुट्या खडीवर चाक गोट्यांवरून घरंगळल्यासारखे सरकते. इथे दोन इंच किंवा त्याहून रुंद टायर, मध्यम ठोकळे आणि थोडी कमी हवा, असे जमवावे. रुंद टायर खडीला कवेत घेतो.

काळी माती ही मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या वाचकांच्या ओळखीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती लोण्यासारखी होऊन चाकाला चिकटते. हा चिखल सुटा नसतो, चिकट असतो, म्हणून रुंद टायर इथे उलट अडचण करतो. टायर आणि पुढचा चिमटा यांच्यात माती घट्ट बसते आणि थोड्याच अंतरावर चाक फिरायचेच थांबते. अशा ठिकाणी उंच, विरळ ठोकळ्यांचा थोडा अरुंद टायर बरा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान बोटभर मोकळी जागा हवी. आणि खरे सांगायचे तर भर पावसात शेतातल्या काळ्या वाटेवर सायकल हातात धरून चालण्यात काहीच कमीपणा नाही.

कोकणात जांभ्याची वाट. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे उन्हाळ्यात खरखरीत असतात आणि त्यावर जवळजवळ कोणताही टायर चालतो. पाऊस सुरू झाला की त्याच दगडावर शेवाळ धरते. ओल्या दगडावर ठोकळ्यांच्या उंचीपेक्षा रबराचा मऊपणा उपयोगी पडतो. मऊ रबर दगडाच्या बारीक खाचांत शिरते आणि धरून ठेवते. मात्र दाट हिरव्या शेवाळावर मऊ रबरही हरते. तिथे ब्रेक न दाबता सावकाश, सरळ निघून जावे.

सह्याद्रीच्या घाटवाटांवर मौजेसाठी जाणारी तरुण मंडळी आता वाढत आहेत. तिथला काळा पाषाण टोकदार असतो आणि टायरच्या बाजूला चीर पाडतो. त्यांनी ट्रेल प्रकारचा, बाजू मजबूत असलेला टायर घ्यावा. शर्यतीचा हलका टायर तिथे महाग पडतो.

शेवटची वाट काट्यांची. बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि जमिनीलगत पसरणारा सराटा. सराट्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर असतोच. माळरानाच्या गावात निम्मी पंक्चर याची असतील. उपाय तीन आहेत. नक्षीखाली काटारोधक पट्टा असलेला टायर घेणे हा पहिला. टायर आणि ट्यूबच्या मध्ये तयार मिळणारी संरक्षक पट्टी घालणे हा दुसरा. काही जण जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालतात. तीही चालते, पण तिच्या कडा नव्या ट्यूबला घासणार नाहीत एवढे पाहावे. तिसरा उपाय ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारा द्रव भरण्याचा. आणि चौथा म्हणाल तर पैसे न लागणारा. वाटेवर पडलेली काटेरी फांदी दिसली की उतरून ती बाजूला करावी. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा असल्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे. ती मुलांना समजावण्यासाठी सायकलीइतका सोपा धडा दुसरा नाही. आपल्या टायरमध्ये न घुसलेला काटा मागून येणाऱ्याच्या टायरमध्ये घुसणारच असतो.

पुढचे चाक आणि मागचे चाक

दोन्ही चाकांना सारखाच टायर हवा असा नियम नाही. मागचे चाक सायकल ढकलते आणि जास्त भार उचलते. पुढचे चाक दिशा देते, आणि ब्रेक मारताना वजन पुढे येत असल्याने थांबण्याचे मोठे कामही तेच करते. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते. पुढचे घसरले की माणूस पडतोच.

म्हणून जाणकार लोक पुढे जास्त पकडीचा आणि मागे हलका पळणारा टायर लावतात. जर्मनीची श्वाल्बे कंपनी तर शर्यतीसाठी पुढच्या चाकाला ‘रेसिंग रे’ आणि मागच्या चाकाला ‘रेसिंग राल्फ’ असे दोन वेगळे टायर बनवते. आपल्याला तेवढे महाग काही घ्यायची गरज नाही. पण तत्त्व घरच्या सायकलीलाही लागू आहे. मागचा टायर आधी झिजतो. तो बदलायची वेळ आली की नवा टायर पुढे लावावा आणि पुढचा, चांगल्या स्थितीतला, मागे घ्यावा. आपल्याकडे गोटा झालेला मागचा टायर काढून नवा मागेच लावतात आणि पुढचा वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्याच्या बाजूंना उन्हाने भेगा पडलेल्या असतात, पण नक्षी दिसते म्हणून तो चांगला समजला जातो. रबर झिजण्याआधी म्हातारेही होते. बाजूला बारीक भेगांची जाळी दिसली किंवा आतले धागे दिसू लागले, की नक्षी कितीही शाबूत असो, तो टायर बदलावा.

किती हवा भरावी?

चांगला टायर चुकीच्या हवेने वाया जातो आणि साधा टायर योग्य हवेने छान चालतो. आपल्याकडे अंगठ्याने दाबून ‘दगडासारखा झाला’ की हवा पुरे झाली असे मानतात. डांबरावर ते काही अंशी ठीक आहे. पण खडबडीत वाटेवर कडक टायर प्रत्येक दगडावरून उसळतो. उसळलेले चाक हवेत असते, आणि हवेत असलेल्या चाकाला ना पकड असते ना ब्रेक. थोडा नरम टायर दगडाभोवती वाकतो आणि जमीन सोडत नाही.

फार कमी हवाही वाईट. खड्ड्यात आदळल्यावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. साप चावल्यासारखी अशी दोन भोके दिसली, की काटा शोधत बसू नये. हवा कमी होती हे समजावे.

अंदाज म्हणून हे आकडे ठेवा. दोन इंची टायर, आत ट्यूब आणि चालवणारा ७० किलोचा असेल, तर डांबरावर ४५ ते ५० पाउंड, मुरमाच्या वाटेवर पुढे ३५ आणि मागे ४० च्या आसपास. चालवणारी मुलगी ४० किलोची असेल तर यातून आठ-दहा पाउंड कमी करावेत. हे सगळे टायरवर लिहिलेल्या कमाल आणि किमान मर्यादेच्या आतच. दुकानात मात्र बापाच्या आणि मुलीच्या सायकलीत सारखीच हवा ठोकली जाते आणि मग हलक्या मुलीची सायकल खडीवर नाचते. हवा दाखवणारे घड्याळ असलेला पायपंप घरात असावा. मोहल्ल्यातल्या चार घरांत मिळून एक घेतला तरी चालेल.

पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरपासून सावध राहावे. मोटरसायकलीसारखा व्हॉल्व्ह असल्याने एमटीबीची ट्यूब तिथे भरता येते, पण सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि यंत्राचा झोत असतो मोठा. दोन सेकंद जास्त झाले तर टायर रिममधून उडून ट्यूब फुटते. भरायचीच झाली तर थांबत थांबत, प्रत्येक वेळी तपासून भरावी.

रबर, धागे आणि ट्यूबलेस

महाग टायर महाग का, हेही समजून घेऊ. टायरच्या रबराखाली धाग्यांचे कापड असते. एका इंचात किती धागे, तो आकडा ‘टीपीआय’ म्हणून लिहितात. स्वस्त टायरमध्ये तो ३० च्या आसपास किंवा कमी, मध्यम टायरमध्ये ६० आणि शर्यतीच्या टायरमध्ये १२० असतो. धागे जास्त आणि बारीक असले की टायर हलका व लवचीक होतो. पण पातळ टायर काटे आणि धारदार दगड सोसत नाही. म्हणजे मोठा आकडा प्रत्येकासाठी चांगलाच असे नाही. शाळेच्या वाटेला कमी आकड्याचा जाड टायर अधिक टिकतो. तीच गोष्ट रबराची. मऊ रबर धरते चांगले पण डांबरावर भराभर झिजते. कडक रबर टिकते पण ओल्या दगडावर सरकते. काही टायर मध्यभागी कडक आणि कडांना मऊ रबर लावून दोन्ही साधतात.

ट्यूबलेसचा सध्या बोलबाला आहे. त्यात ट्यूब नसल्याने ती चिमटण्याचा प्रश्न नाही, हवा आणखी कमी ठेवता येते आणि आतला द्रव छोटी भोके आपोआप बुजवतो. पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही त्या जातीचे लागतात. आतला द्रव काही महिन्यांत सुकतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि पुन्हा भरावा लागतो. डोंगरात नियमित जाणाऱ्याला हा खर्च परवडतो. फक्त शाळा, मदरसा आणि बाजार करणाऱ्या सायकलीवर तो करणे म्हणजे निव्वळ इस्राफ.

पंक्चरचे कौशल्य

आठवीनंतर शाळा लांब पडते आणि मुलीचे शिक्षण थांबते, हे आपल्या वस्त्यांत आजही घडते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. सायकल घरात आली तरी प्रश्न संपत नाही. पंक्चर झालेली सायकल भिंतीला टेकून आठ-आठ दिवस उभी राहते, कारण अब्बांना वेळ नसतो आणि भाईजान कामाला गेलेला असतो. मग गैरहजेरी वाढते. म्हणून मुलाइतकेच मुलीलाही चाक उतरवून पंक्चर काढता आले पाहिजे. सामान फार लागत नाही. टायर उचलायच्या दोन पट्ट्या, पॉलिश पेपरचा तुकडा, सोल्यूशन, ठिगळ, एक पान्हा आणि पंप. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा घासायची, सोल्यूशन लावून थोडे सुकू द्यायचे आणि मगच ठिगळ दाबायचे. घाईने ओल्यावरच चिकटवलेले ठिगळ सुटते. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा अडकलेला नाही ना हे पाहायचे. हे विसरले तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर.

शिकवायला चौकातले पंक्चरवाले चाचा आहेतच. ‘पंक्चर काढणारे’ हे शब्द आपल्या समाजाला टोमणा म्हणून ऐकवले जातात, आणि मुले ते ऐकून खाली पाहतात. त्यांना सांगावे की हाताने केलेल्या कष्टाच्या कमाईला आपल्या दीनमध्ये फार मोठा मान आहे. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हातांच्या कमाईवर जगत. आणि चाचांकडे जे ज्ञान आहे ते माहितीपत्रकात नसते. गावातल्या कोणत्या रस्त्यावर काटे, कुठे काच, कुठल्या टायरच्या बाजू वर्षात फुटतात आणि कोणता तीन वर्षे टिकतो, हे त्यांनी रोज हाताळून पाहिलेले असते. नवा टायर घेण्याआधी त्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत आणि जमल्यास टायर त्यांच्याकडूनच बसवून घ्यावा.

मृगाच्या आधी एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन घरातली सायकल उलटी उभी करा. दोन्ही टायरवरचे आकडे मोठ्याने वाचायला सांगा. बाणाची दिशा, बाजूंच्या भेगा, नक्षीत रुतलेल्या काचा आणि काटे पाहा. मग त्यांच्याकडून शाळेच्या रस्त्याचा साधा नकाशा काढून घ्या. डांबर किती, मुरूम किती, उतार कुठे, पावसात पाणी कुठे साचते. नकाशा पूर्ण झाला की कोणता टायर हवा हे मुलेच सांगतील, आणि दुकानात या वेळी टायरकडे वाकून पाहणारीही तीच असतील.